पण गळते काऊन?

मुलांनो, सोमवारची नखं-तपासणी तुमच्याही शाळेत होत असेल. परिपाठ झाला, रांगा सरळ झाल्या, की हात पुढे! कुणाची नखं वाढलेली, कुणाच्या नखांत शेतातली माती. मग मॅडम रागावणार आणि पोरं मान खाली घालणार.

मी स्वतः त्या रागावणाऱ्या मॅडमपैकीच एक. यवतमाळ जिल्ह्यात, दिग्रस-पुसदकडच्या टेकड्यांच्या भागात, एका खेड्यातल्या शाळेत मी चौथीचा वर्ग शिकवते. काही वर्षांपूर्वी माझ्या वर्गात एक मुलगी होती. अक्षर मोत्यासारखं, पाढे तोंडपाठ. पण ओळीनं तीन सोमवार तिची नखं काळीकुट्ट! साबणानं घासली तरी न जाणारा काळा रंग. शिवाय दोनदा शाळेला उशीर. तिसऱ्या सोमवारी मी सगळ्यांसमोर तिला चांगलंच झापलं. ती काहीच बोलली नाही. जागेवर जाऊन बसली आणि दिवसभर हात दप्तराखाली लपवून राहिली.

मधल्या सुट्टीत तिच्या शेजारचा पोरगा माझ्या टेबलाजवळ आला आणि हळूच म्हणाला, "मॅडम, तिच्या बाबाची गाडी गळून रायली. ती राती टॉर्च धरते."

मला एकदम कसंतरी झालं. तीन सोमवार मी तिची नखं पाहिली होती, पण ती काळी का, हे एकदाही विचारलं नव्हतं. पुढच्या रविवारी मी तिच्या घरी गेले. तिथे जे पाहिलं आणि जे शिकले, तेच आज तुम्हाला सांगायचं आहे. ही गोष्ट आहे गाडीच्या इंजिनातल्या एका रबरी कड्याची. त्याला म्हणतात ऑईल सील.

गाडीवर चाललेलं घर

तिच्या बाबांकडे एक जुनी व्हॅन होती. कर्ज काढून सेकंडहँड घेतलेली. आजूबाजूच्या खेड्यांतल्या पोरांना सकाळी तालुक्याच्या शाळेत न्यायचं आणि संध्याकाळी घरी सोडायचं, हा त्यांचा धंदा. त्यावरच घर चाले आणि कर्जाचा हप्ता जाई. गंमत पाहा, दुसऱ्यांची मुलं व्हॅननं शाळेत जात आणि त्यांची स्वतःची लेक पायी आमच्या शाळेत येई!

तर ही व्हॅन तेल गाळू लागली. गिअरबॉक्स आणि इंजिन जिथे जोडलेले असतात, तिथून खाली टपटप काळे थेंब. एका गॅरेजमध्ये दाखवलं. "मागचं ऑईल सील गेलं," असं निदान झालं. सील नवं बसवलं. पंधरा दिवस बरे गेले आणि पुन्हा टपटप सुरू. पुन्हा सील बदललं, पुन्हा तेच! सील तसं स्वस्त असतं हो, पण ते बदलायचं म्हणजे अर्धी गाडी खोलावी लागते. मजुरीच अंगावर येते. शेवटी पैसे संपले, तेव्हा बाबा रात्री स्वतःच गाडीखाली शिरू लागले. लेक टॉर्च धरी आणि पाने हातात देई. म्हणून ती काळी नखं, आणि म्हणूनच सकाळचा उशीर.

एका सकाळी तर भलतंच झालं. आमच्याकडे रस्ता टेकडीवरून जातो. चढणीवर व्हॅनचं इंजिन जोरात ओरडू लागलं, पण गाडी पुढे जाईना. उलट हळूहळू मागे सरकायला लागली. आत पोरं! बाबांनी ब्रेक दाबला, हँडब्रेक ओढला, चाकामागे दगड लावला आणि सगळ्यांना उतरवलं. कुणाला खरचटलंही नाही. पण संध्याकाळी पालक एकत्र आले. म्हणाले, "महिनाअखेरपर्यंत गाडी नीट करा, नाहीतर आम्ही दुसरी लावतो." त्यांचं काय चुकलं? आपली मुलं अशा गाडीत कोण बसवेल?

आता तुम्ही विचाराल, तेल गळण्याचा आणि गाडी चढण न चढण्याचा संबंध काय? तो समजायला आधी इंजिनात डोकावलं पाहिजे.

वर-खाली आणि गोल-गोल

घरी पायाची शिलाई मशीन असेल तर पाहा. पाय नुसते पुढे-मागे हलतात, पण मोठं चाक गोल फिरतं. पायटा आणि चाक यांच्यामध्ये एक वाकडा दांडा असतो. तो पुढे-मागेचं गोल-गोल करतो. आहे की नाही गंमत?

गाडीच्या इंजिनात असंच होतं. सिलिंडर नावाच्या नळकांड्यांत पेट्रोलचा भडका उडतो आणि दट्ट्या, म्हणजे पिस्टन, खाली ढकलला जातो. असे पिस्टन वर-खाली होत राहतात. १९८३ साली आलेल्या मारुती ८०० मध्ये असे तीन सिलिंडर होते आणि तिघांची मिळून जागा ७९६ घनसेंटीमीटर, म्हणजे एक लीटरसुद्धा नाही! या पिस्टनांचं वर-खाली जाणं गोल फिरण्यात बदलतो तो वाकडातिकडा जाड पोलादी दांडा. त्याचं नाव क्रँकशाफ्ट. आमचे मिस्त्री नुसतं 'क्रँक' म्हणतात.

गाडी रस्त्यावर बऱ्यापैकी पळत असताना हा क्रँक मिनिटाला ३००० फेरे सहज घेतो. म्हणजे सेकंदाला ५०! लोखंडावर लोखंड असं घासलं तर काही मिनिटांत सगळं जळून जाम होईल. म्हणून इंजिनाच्या पोटात तेल असतं. खाली चेंबरमध्ये ते साठतं, पंप ते वर ढकलतो, आणि प्रत्येक फिरत्या भागाला तेलाची आंघोळ घडते.

आता खरी अडचण ऐका. क्रँक इंजिनाच्या आत फिरतो, पण त्याची दोन्ही टोकं बाहेर आलीच पाहिजेत. पुढच्या टोकावर पुली बसते, तिच्यावर पट्टा. मागच्या टोकावर फ्लायव्हील नावाचं जड चाक, त्याला लागून क्लच आणि मग गिअरबॉक्स. दांडा बाहेर यायचा म्हणजे इंजिनाला भोक हवं. भोक ठेवलं की तेल बाहेर येणार. भोक घट्ट बंद केलं तर दांडा फिरणार कसा? दांडा मोकळा फिरला पाहिजे, पण तेलाचा थेंब बाहेर येता कामा नये. हे कोडं सोडवतं ते ऑईल सील.

आणि ते फाटलं तर? मागच्या बाजूचं तेल थेट क्लच प्लेटवर उडतं. क्लच प्लेटचं काम फ्लायव्हीलला घट्ट पकडून इंजिनाची ताकद चाकांना देण्याचं. तेलकट हातांनी बरणीचं झाकण उघडून पाहा. हात घसरतो ना? तशी प्लेट घसरते. मिस्त्री म्हणतात, "क्लच स्लिप मारते." इंजिन ओरडतं आणि गाडी जागेवर! चढणीवर नेमकं हेच झालं होतं.

चामड्याचं वायसर, रबराचा ओठ

फिरत्या दांड्याजवळ तेल टिकवण्याची धडपड जुनी आहे. तुमच्या आजोबांना विचारा. बैलबंडीच्या आसाला ते ओंगण घालत. पुस्तकात त्याला वंगण म्हणतात. पण बंडी चालली की ओंगण हळूहळू बाहेर येई आणि पुन्हा घालावं लागे. बंडीचं चाक सावकाश फिरतं, त्यामुळे तेवढ्यावर भागत असे.

गावातली हापशी आठवा. 'इंडिया मार्क टू' नावाची ही हापशी सोलापूरच्या 'सोलापूर पंपा'वरून, युनिसेफच्या पुढाकारानं १९७० च्या दशकात तयार झाली आणि देशभर पोचली. तिच्या नळाच्या आत, खोल, एक वाटीसारखं वायसर असतं. ते झिजलं की दांडा किती हापसला तरी पाणी वर येत नाही, कडेनं खाली निसटतं. आधी ही वायसरं चामड्याची असत. पुढे त्यांच्या जागी नायट्राइल नावाचं कृत्रिम रबर आलं.

आता योगायोग पाहा. ऑईल सीलची वाटचालही अशीच! जर्मनीत वाइनहाइम गावी फ्रॉयडेनबर्ग नावाचा कारखाना आहे. १८४९ साली तो सुरू झाला तेव्हा तिथे कातडी कमावत. १९३० च्या आसपास वॉल्टर झिमर या इंजिनिअरच्या कल्पनेतून तिथे धातूचं कडं आणि त्याला आतून चामड्याचा ओठ, असं सील बनू लागलं. त्याच्याच नावावरून ते 'झिमरिंग' म्हणून ओळखलं जातं. १९३० च्या दशकातच चामड्याच्या जागी कृत्रिम रबर वापरायला सुरुवात झाली.

आजचं सील हातात घेतलं तर तुम्हाला एक बांगडीएवढं कडं दिसेल. बाहेरून कडक, आत मऊ रबराची पातळ कड. तिला ओठ म्हणतात. ओठाच्या मागे केसाच्या अंबाड्याला लावायच्या रबरासारखी गोल, बारीक स्प्रिंग. ती ओठाला दांड्यावर हलकेच दाबून धरते. ओठ आणि दांडा यांच्यात तेलाचा केसाहून कितीतरी पातळ थर असतो. त्यामुळे ओठ जळत नाही, आणि थर इतका पातळ की तेल बाहेरही येत नाही.

या ओठाचे कष्ट किती, ते मोजू या. दांड्याचा व्यास ६ सेंटीमीटर धरा. एका फेऱ्यात ओठाखालून ६ × ३.१४, म्हणजे १८.८४ सेंटीमीटर पोलाद सरकतं. सेकंदाला ५० फेरे, म्हणजे ९४२ सेंटीमीटर. करा गुणाकार! तासाला जवळजवळ ३४ किलोमीटर झाले. म्हणजे दिवसभर ताशी ३४ किलोमीटर वेगानं पळणाऱ्या पोलादावर हा मऊ ओठ टेकून बसलेला असतो. तोही पाणी उकळेल इतक्या गरम तेलात. त्यात आमच्याकडचा उन्हाळा ४५ अंशांचा. रबर हळूहळू कडक होणार, ओठाला चिरा पडणार, यात नवल नाही.

पण मुलांनो, हे व्हायला वर्षं लागतात. मग नवं कोरं सील पंधरा दिवसांत का गळावं?

पुठ्ठा आणि पावडरचा डबा

त्या रविवारी मी पोचले तेव्हा अंगणात एक म्हातारे मिस्त्री बसले होते. आधी मोठ्या गॅरेजात काम करायचे, आता गुडघ्यांमुळे घरीच असत. मुलगी त्यांना 'आबाजी' म्हणे. बाबा म्हणाले, "आबाजी, एकडाव सील बदलून द्या. यावेळी चांगल्या कंपनीचं आनतो."

आबाजी म्हणाले, "सील त बदलूच. पन आधी मले सांग, गळते काऊन?"

"सील खराब झालं म्हणून."

"मंग थे खराब झालं काऊन?"

बाबा गप्प. तेवढ्यात मुलगी घरात पळाली आणि पुठ्ठ्यांचा गठ्ठाच घेऊन आली. वह्यांच्या खोक्याचे कापलेले पुठ्ठे! रोज रात्री ती व्हॅनखाली एक पुठ्ठा सरकवून ठेवी आणि सकाळी त्यावर तारीख घालून थेंब मोजे. मला आठवलं, मीच वर्गात पाऊस मोजण्याचा तक्ता करायला शिकवला होता. तिनं तो गाडीखाली नेला होता.

आबाजींनी पुठ्ठे ओळीनं मांडले. आधी थेंबाचा वास घेतला. थेंब काळा होता. गिअरबॉक्सचं तेल मधासारखं दिसतं आणि त्याला फटाक्याच्या दारूसारखा उग्र वास येतो. तो इथे नव्हता. म्हणजे तेल इंजिनाचंच. मग त्यांनी तारखा पाहिल्या. गाडी दिवसभर चालून आली त्या रात्री पुठ्ठ्यावर डबकं. सुट्टीच्या दिवशी जेमतेम दोन-तीन थेंब.

"पाय पोरी," आबाजी म्हणाले, "उभ्या गाडीत कमी, चालून आल्यावर जास्ती. म्हंजे गाडी चालू असताना आतून कोनीतरी तेलाले ढकलून रायलं."

पण आबाजी घाई करणारे नव्हते. तेल वरून कुठून तरी ओघळत मागे येत असेल तर? त्यांनी इंजिनाचा मागचा भाग रॉकेल आणि ब्रशनं लख्ख पुसायला लावला. मग म्हणाले, "घरात पावडरचा डबा हाय का?" तोंडाला लावायची पावडर! ती त्यांनी सगळ्या जोडांवर भुरभुरली. इंजिन पांढरंशुभ्र झालं. बाबा गावाबाहेर एक चक्कर मारून आले. वरच्या जोडांवर पावडर कोरडी ठाक होती. फक्त खाली, गिअरबॉक्सच्या तोंडाशी, काळी ओली रेघ उमटली होती. म्हणजे गळती आतलीच, मागच्या सीलचीच. आधीच्या गॅरेजचं निदान बरोबरच होतं. फक्त पुढचा प्रश्न विचारायचा राहिला होता.

कुकरची शिट्टी

आबाजींनी इंजिन चालू करायला सांगितलं. वरचं तेल भरायचं झाकण फिरवून मोकळं केलं आणि नुसतंच भोकावर ठेवलं. आणि काय सांगू, ते झाकण टुणटुण नाचायला लागलं! खालून धुराचे फुसकारे येत होते. आबाजी हसले. मुलीला म्हणाले,

"तुह्या आईच्या कुकरची शिट्टी जाम झाली, त वाफ कुठून निंघते?"

"रिंगातून. कडेनं फुसफुस करते."

"मंग आई रिंग बदलते काय?"

"नाई. शिट्टी धुते."

"हे तसंच हाय!"

मुलांनो, पिस्टन कितीही घट्ट बसवला तरी भडक्याचा थोडा वायू त्याच्या कडेनं निसटून इंजिनाच्या पोटात येतोच. तो बाहेर पडायला एक नळी ठेवलेली असते. तिला ब्रीदर म्हणतात, इंजिनाचा श्वासच म्हणा ना. ही नळी बंद झाली की पोटात दाब वाढतो. दाब सगळीकडे जाऊन पाहतो, आणि जिथे जागा सगळ्यांत मऊ, तिथून बाहेर पडतो. सीलच्या ओठापेक्षा मऊ जागा इंजिनात कुठली?

आबाजींनी ब्रीदरची नळी काढली. उन्हाळ्यांनी कडक झालेली, मधेच दुमडून चपटी झालेली, आणि आत काळा चिखल गच्च. मुलीनं एका टोकाला फुंकर घालायचा प्रयत्न केला. गाल फुगले, पण हवा काही जाईना. तीन महिने दोन सीलांची मजुरी भरली, आणि दुखणं होतं या वीतभर नळीत!

नखाची परीक्षा

तरीही सील बदलणं भाग होतं. तेलानं भिजलेली क्लच प्लेटही. बाबांनी आठवड्यासाठी नात्यातल्या एकाची गाडी मुलांसाठी लावली आणि एसटीनं यवतमाळला जाऊन सामान आणलं. पुढच्या रविवारी मी सकाळीच हजर!

आधी बॅटरीची तार काढली. मग गाडी जॅकनं उचलून चार मजबूत घोड्यांवर ठेवली. आबाजींनी मला बजावलं, "मॅडम, पोराईले सांगा, नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली कोनी जायचं नाई. जॅक घसरला त मानूस गेला." तुम्हीही हे लक्षात ठेवा. गाडीखालचं काम मोठ्यांचंच.

मग मागच्या चाकांकडे जाणारा लांब दांडा सुटला. क्लचची केबल सुटली, स्टार्टर सुटला. गिअरबॉक्स दोघांनी मिळून अलगद खाली घेतला. क्लच प्लेट निघाली ती तेलानं चमकत होती. फ्लायव्हील काढण्याआधी आबाजींनी त्यावर आणि क्रँकवर खडूनं एक रेघ मारली, म्हणजे ते परत तसंच बसेल. आणि एवढं सगळं खोलल्यावर, तळाशी, ते इवलंसं रबरी कडं दिसलं.

स्क्रू-ड्रायव्हरला कापड गुंडाळून आबाजींनी ते हळूच उचकटलं. दांड्याला ओरखडा पडला तर नवं सीलही गळणार, म्हणून एवढी काळजी. दांडा पुसून स्वच्छ केला. मग त्यांनी मुलीला जवळ बोलावलं. "माहे हात आता जाड झाले. तू नख फिरव बरं यावर."

तिनं तिचं काळं नख दांड्यावर आडवं फिरवलं. एकदा. पुन्हा एकदा. मग थांबली. "आबाजी, इथं अटकते."

डोळ्यांना काही दिसत नव्हतं, पण नखाला कळलं! इतकी वर्षं एकाच जागी ओठ घासून पोलादावर बारीक खाच पडली होती. हो, मऊ रबरानं पोलाद झिजवलं होतं. तेलात अडकलेली धूळ ओठाखाली बसते आणि पॉलिश पेपरसारखं काम करते. विहिरीच्या दगडावर दोरानं खाचा पडतात ना, तसंच. आधीची दोन्ही सीलं नेमकी त्याच खाचेवर बसली होती. आतून दाब आणि खालून खाच! बिचारं सील करणार तरी काय?

यावर आबाजींचा उपाय साधा होता. नव्या सीलच्या ओठाला आधी बोटानं तेल लावलं. कोरडा ओठ पहिल्याच मिनिटाला जळतो. ओठाचं तोंड तेलाकडे, म्हणजे आतल्या बाजूला. उलटं बसवलं तर सगळी मेहनत पाण्यात! मग त्यावर एक सपाट लाकडी तुकडा ठेवून, चारही बाजूंनी आळीपाळीनं, हातोडीच्या हलक्या हातानं ते आत सरकवलं. जरासुद्धा तिरपं नाही. पण पहिल्याइतकं खोल नेलं नाही. मिलिमीटरभर अलीकडेच थांबवलं, म्हणजे ओठ खाच सोडून कोऱ्या पोलादावर टेकेल. खाच जास्त खोल असती तर दांड्यावर पातळ पोलादी बाही चढवावी लागली असती.

मग सगळं उलट्या क्रमानं जागेवर. फ्लायव्हीलचे बोल्ट समोरासमोरच्या जोडीनं, टॉर्क पान्यानं मोजून आवळले. नवी क्लच प्लेट, नवी ब्रीदरची नळी, नवं तेल. दिवेलागणीला इंजिन चालू झालं. आबाजींनी झाकण पुन्हा भोकावर नुसतं ठेवलं. या वेळी ते जागेवर शांत बसून राहिलं.

जुनं तेल मात्र त्यांनी नालीत ओतू दिलं नाही. डबकीत भरून, झाकण लावून, जुनं तेल गोळा करणाऱ्यासाठी बाजूला ठेवलं. एक लीटर वापरलेलं तेल दहा लाख लीटरपर्यंत पाणी पिण्यालायक ठेवत नाही, असं सांगतात. आपल्या देशाच्या २०१६ च्या घातक कचऱ्याच्या नियमांतही अशा तेलाची नोंद आहे. आपल्या विहिरी तरी आपण सांभाळू या.

पुन्हा सोमवार

महिना संपायला चार दिवस होते. बाबांनी पालकांना बोलावलं, गाडी टेकडीवरून त्यांच्यासमोर नेऊन आणली. मुलीनं आठ दिवसांचे कोरे पुठ्ठे दाखवले. पोरं पुन्हा त्याच व्हॅननं शाळेत जाऊ लागली.

आणि सोमवारी आमची नखं-तपासणी! ती मुलगी रांगेत उभी होती. नखं थोडी उजळली होती, पण कडेला अजून काळं होतंच. तिनं हात पुढे केले आणि माझ्याकडे पाहिलं. मी सगळ्या वर्गासमोर तिची माफी मागितली. मग तिलाच पुढे बोलावलं आणि नखानं दांड्यावरची खाच कशी शोधली, ते मुलांना सांगायला लावलं. त्या दिवशी मधल्या सुट्टीत पोरं शाळेतल्या प्रत्येक वस्तूवर नख फिरवून पाहत होती!

तेव्हापासून मी एक सवय लावून घेतली आहे. कुणी उशिरा आलं, कुणाचा गृहपाठ राहिला, कुणी गप्प गप्प बसलं, की आधी आबाजींसारखं विचारते, "काऊन?" कधी उत्तर साधं निघतं, म्हणजे आळस! पण कधी कधी थेंब एकीकडे पडत असतो आणि नळी दुसरीकडेच तुंबलेली असते. पालकहो, तुमच्याही घरी असं होत असेल. मूल चिडचिड करतं, मार्क कमी पडतात. रागवायच्या आधी एकदा विचारून पाहा.

करून पाहा

१. घरच्या मोटरसायकलखाली किंवा गाडीखाली रात्री एक कोरा पुठ्ठा ठेवा. इंजिन थंड असताना, आई-बाबांना विचारूनच. सकाळी थेंब मोजा, तारीख घाला. आठ दिवसांचा तक्ता करा. काळे थेंब असतील तर घरच्यांना दाखवा आणि तेलाची पातळी तपासायला सांगा.

२. गणित सोडवा : साधारण २० थेंबांचा एक मिलिलीटर होतो. एखाद्या चालू इंजिनातून दर १० सेकंदांनी एक थेंब गळतो. गाडी रोज ८ तास चालते. सहा दिवसांत किती तेल जाईल? (उत्तर : ८६४ मिलिलीटर. ज्या इंजिनात तेलच तीन लीटर मावतं, त्यातलं पावभागापेक्षा जास्त!)

३. घरातल्या ठिबकणाऱ्या नळालाही हेच गणित लावा. तो तर २४ तास ठिबकतो. आणि हो, नुसतं वायसर बदलून थांबू नका. ते झिजलं का, तेही शोधा.